जुनी बोलेरो पिकअप, घाटात दम पाहिजे आणि ॲव्हरेजही पाहिजे: पहिले काय करायचं, मग काय

भाऊ, तुमचा प्रश्न पहिले थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. गाडी २००९ ची बोलेरो पिकअप, २५२३ सीसीचं डीआय टर्बो इंजिन, इंजेक्टरला डिझेल मारणारा पंप मेकॅनिकल, इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) नाही, मागच्या टायरचा साईज वाढवलेला. काटोलकडून नागपूरच्या कळमना मार्केटला संत्रा आणता, सीझनमध्ये सिवनीकडेही माल नेता, कुरई घाटात भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर येऊन रडते, ॲव्हरेज नऊवर आलं, पहिले बारा होतं. आणि तिघांनी तीन सल्ले दिले. एक म्हणते मोठा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) टाका, दुसरा म्हणते पंप वाढवून घ्या, म्हणजे डिझेल जास्त सोडा, तिसरा तर स्कॉर्पिओचं एमहॉक इंजिन बसवून द्यायला तयार आहे.

माझं म्हणणं, तिन्ही नको. निदान आत्ता तर नकोच. बारा देणारी गाडी नऊ देऊन राहिली म्हणजे तीन किलोमीटर कुठंतरी गळून राहिले, आणि घाटातला दमही त्याच भोकातून गळून राहिला. डिझेल इंजिनात सिलेंडरमध्ये गेलेलं डिझेल वेळेवर आणि पूर्ण जळलं तर पॉवर पण मिळते ॲव्हरेज पण मिळते, अर्धवट जळलं तर दोन्ही जाते आणि वरून काळा धूर. म्हणून नवीन काही लावायच्या आधी कंपनीतून निघाली तेव्हा जे देत होती ते परत आणा, बहुतेकांचं काम तिथंच होऊन जाते.

जरा हिशोब करू. गाडी आणि माल मिळून तीन टन धरा, चढ ६ टक्के, स्पीड ताशी ४०. एवढ्याला चाकावर साधारण ३२ हॉर्सपॉवर लागते. तेच चार टन केलं (सीझनमध्ये क्रेटचे किती थर लागतात ते मला माहीत आहे, सांगू नका) तर ४२ लागते, आणि गिअरबॉक्स, प्रॉपेलर, हाउसिंग (मागचा ॲक्सल) यांच्यात जे खर्ची पडते ते धरलं तर इंजिनाला ४८-५० द्यावी लागते. हे इंजिन नवीन असताना ६० च्या थोडं वर देते. म्हणजे ठणठणीत असलं तर चार टन पण निघून जाते, पण त्यातले १५-२० टक्के गेले की एकदम काठावर, मग एक गिअर खाली आणि स्पीड निम्मा. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. ४५ डिग्रीची हवा १५ डिग्रीच्या हवेपेक्षा जवळपास १० टक्के विरळ असते, तेवढा ऑक्सिजन कमी, आणि नागपुरात मे महिन्यात ४५ म्हणजे काही बातमी नाही. डिसेंबरात जी गाडी घाट चढते तीच मे मध्ये काहून चढत नाही याचं अर्धं उत्तर हेच आहे.

आता गळून कुठं राहिलं ते शोधायचं. धुरापासून सुरू करा. लोड असताना काळा धूर म्हणजे हवा कमी पडून राहिली किंवा डिझेल जास्त जाऊन राहिलं. निळा म्हणजे ऑइल जळून राहिलं, पिस्टनच्या रिंगा नाहीतर टर्बोचं सील. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा म्हणजे कॉम्प्रेशन कमी, टायमिंग (डिझेल मारायची वेळ) मागे, नाहीतर नोजल टपकते, आणि त्याच्यासोबत रेडिएटरचं पाणी घटत असलं तर हेड गॅस्केटकडे बघा. मग बॅक कॉम्प्रेशन पहा, म्हणजे सिलेंडरमधला गॅस रिंगांजवळून खाली ऑइलकडे किती येते ते. गाडी गरम असू द्या, आयडलवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं नुसतं ठेवून द्या. थोडं थरथरलं तर चालते. उडून पडलं, किंवा तोंडातून धुराचा लोट येऊन राहिला, तर रिंगा-लायनर संपलेले आहेत आणि मग पंप, टर्बो, इंटरकूलर कशातच पैसे घालू नका, पहिले इंजिन. पक्कं करायचं असेल तर कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलेंडर मोजून घ्या, २४-२५ बारच्या खाली येत असेल किंवा एका-दुसऱ्या सिलेंडरमध्ये तीनेक बारच्या वर फरक असेल तर हाफ इंजिन (रिंगा, पिस्टन, लायनरचं काम) तरी करावंच लागेल. मेकॅनिक नुसता आवाज ऐकून 'फुल इंजिन करा' म्हणत असेल तर गेज लाव म्हणा, पैसे तुमचे जाऊन राहिले.

कॉम्प्रेशन बरं निघालं तर माझा पहिला संशय नोजलवर (इंजेक्टरचं टोक, जिथून डिझेल सिलेंडरमध्ये उडते) असते, आणि हे काम लोक सगळ्यात जास्त टाळतात कारण गाडी चालू तर आहे ना. चारही इंजेक्टर काढून पंपवाल्याकडे न्या आणि तो टेस्टरवर मारत असताना स्वतः उभं राहून बघा. हँडल दाबलं की साधारण २०० बारच्या वर (नेमका आकडा तुमच्या नोजलच्या नंबरवरून तो सांगेल) नोजल उघडलं पाहिजे आणि बारीक भोकांतून डिझेल धुक्यासारखं उडालं पाहिजे, सगळ्या भोकांतून सारखं, एक कर्र असा आवाज येते तेव्हा. खराब नोजलमध्ये एका बाजूनं पिचकारी निघते, किंवा सुईसारखी सरळ धार, किंवा मारून झाल्यावर टोकाला थेंब लटकून राहतो. तो थेंब आहे ना भाऊ, तोच तुमचं ॲव्हरेज खाते. धुकं झालं तर डिझेल हवेत मिसळून जळते, थेंब पडला तर पिस्टनच्या डोक्यावर जाऊन पडते आणि तिथं अर्धवट जळते, काजळी ऑइलमध्ये उतरते, ऑइल लवकर काळं आणि घट्ट होते, रिंगा अडकतात, मग बॅक कॉम्प्रेशन. असं एक थेंब पुढं पूर्ण इंजिन खाते. हाताने टेस्टर मारणारे कॉटन मार्केटकडे, वाडीकडे बरेच आहेत, पण हात टेस्टरच्या समोर नेऊन बघू नका कोणी, ते डिझेल चामडीच्या आत घुसते आणि मग सरळ दवाखाना.

नोजल बदलायचे तर चारही सोबत बदला, आणि खाली तांब्याचं वॉशर नवीन टाका. जुनं वॉशर भाजून पुन्हा टाकणारे आहेत, दोन-चार रुपयांच्या जिन्नसासाठी, आणि मग तिथून कॉम्प्रेशन फुसफुसते. नोजल झाले की पंप कॅलिब्रेशन बेंचवर. माईकोचा पंप म्हणतात अजून सगळे, कंपनीचं नाव २००८ मध्येच बॉश झालं पण लोकांच्या तोंडात माईकोच आहे. बेंचवर चारही लाइनीत सारखं डिझेल येते का ते दिसते. जुन्या पंपात एका सिलेंडरला जास्त आणि एकाला कमी जात असते, जास्तवाला धूर मारते, कमीवाला ओढत नाही, आणि ड्रायव्हरला वाटते पूर्ण इंजिनच ढिल्लं झालं. पंप परत बसवताना टायमिंग डायल गेज लावून करा, मार्कवर मार्क जुळवून नाही. टायमिंग दोन डिग्री मागं राहिलं तर गाडी मऊ चालते, आवाज कमी, मालक खूश, आणि ॲव्हरेज गेलं. पुढं गेलं तर खडखड करते आणि पिस्टनवर मार बसते. टॅपेटची (वाल्व्हची) फट पण त्याच वेळेस फीलर गेजने, मॅन्युअलप्रमाणे.

हवेची बाजू तेवढीच महत्त्वाची आहे. एअर फिल्टर आपल्याकडे शहरात सिमेंट रोडच्या कामांची धूळ खाते, आणि उमरेड-खाणींकडे जाणाऱ्या गाड्यांचं तर विचारूच नका. फिल्टर एअर गनने साफ करताना आतून बाहेर मारा, लांबून, बाहेरून आत मारला तर धूळ कागदात रुतते, कधी कागदच फाटते आणि मग धूळ सरळ टर्बोच्या पंख्यावर. टर्बोपासून इनटेकपर्यंतचे रबरी होज हाताने दाबून बघा, क्लिपा आवळा, आतून थर सुटला नाही ना ते बघा. चालताना तोच थर आत दुमडला जाते आणि गाडी उभी केली की होज एकदम साबूत दिसते, मेकॅनिक दिवसभर शोधत राहते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या मधल्या गॅस्केटला काळी काजळीची रेघ दिसत असेल तर तिथून गॅस निसटून राहिला, तेवढा टर्बो सुस्त. टर्बोची दांडी बोटाने हलवा, किंचित डुगडुग चालते, पण पंखा बॉडीला घासत असेल तर तो गेला. आणि एक बूस्ट गेज (टर्बोचा दाब दाखवणारं मीटर) लावून घ्या, टी टाकून नळी काढायची बस, काही महाग नाही. घाटात गेज दाखवते की हवा येऊन राहिली की नाही, मग अंदाज मारावा लागत नाही. सायलेन्सर आतून कोसळून अर्धा बंद झालेला असला तरी हेच लक्षण दिसते, तो काढून हलवून बघा, आत खडखडलं तर बदला.

आता थर्मोस्टॅट. हा विषय निघाला की माझं डोकं फिरते. नागपुरात गाडी गरम होते म्हणून अर्ध्या मेकॅनिकांनी थर्मोस्टॅट काढून फेकून दिलेला असते, तुमचा पण बघा, पैज लावतो नसेलच. थर्मोस्टॅट म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरची झडप, ती साधारण ८०-८५ डिग्रीला उघडते आणि तोवर इंजिनाला लवकर तापू देते. तो नसला की जानेवारीत पहाटे काटोलवरून निघालेली गाडी कळमन्यापर्यंत नीट तापतच नाही, थंड सिलेंडरमध्ये डिझेल उशिरा पेटते, लायनर जास्त झिजतात, ॲव्हरेज पडते. आणि गंमत म्हणजे काढल्यामुळे उन्हाळ्यात ती गरम व्हायची काही थांबत नाही, कारण गरम होण्याचं कारण दुसरंच असते. रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू, पालापाचोळा, तेलकट धूळ बसलेली असते, बाहेरून साफ दिसते पण काढून पाण्याने उलट्या बाजूने धुतला की टोपलंभर कचरा निघते. नाहीतर फॅनचा बेल्ट ढिल्ला, नाहीतर कूलंटच्या जागी बोअरचं पाणी. आपलं बोअरचं पाणी जड असते, आतून पापडी धरते. रेडिएटर रॉडिंग करा (नळ्यांत सळई घालून साफ), कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं टाका, थर्मोस्टॅट कंपनीचा परत बसवा.

इंजिनाच्या बाहेर पण गळती असते. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून उतरल्यावर चारही हबजवळ हात न्या, एक जास्त तापलेला असेल तर ब्रेक चिकटून राहिला किंवा बेअरिंग गेली. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. हवेचं प्रेशर गाडीच्या चिठ्ठीवर लोडचं जे लिहिलंय ते भरा, अंदाजाने नको. आणि तुम्ही मागच्या टायरचा साईज वाढवला असं लिहिलं होतं ना, मग तुमचं नऊचं ॲव्हरेज पण थोडं खोटं आहे. टायर ५ टक्के मोठा झाला तर मीटर ५ टक्के किलोमीटर कमी दाखवते, गाडी खरं तर साडेनऊच्या आसपास देऊन राहिली असेल. पण त्या टायरनेच गिअर लांब झाला आणि घाटात दुसऱ्यावर आली. हाउसिंगमधले क्राउन-पिनियन गिअर बदलून हायवेवर आरपीएम कमी करा म्हणणारे भेटतील, ते रिकाम्या फिरणाऱ्या गाडीला ठीक, संत्रा भरणाऱ्याला उलटं पडते. कंपनीचा साईज परत लावा.

एवढं झालं की मग अपग्रेड. माझ्या मते तुमच्या गाडीला एकच अपग्रेड कामाचं, इंटरकूलर. कारण सांगतो. ४५ डिग्रीची हवा टर्बोनं ०.८ बार दाबली की ती निघताना १३० डिग्रीच्या आसपास जाते. गरम हवा म्हणजे पसरलेली हवा. तिला इंटरकूलरमधून ७० पर्यंत आणलं तर तेवढ्याच जागेत साधारण १५ ते २० टक्के जास्त हवा मावते. तेवढं डिझेल जास्त पूर्ण जळते, धूर कमी होते, एक्झॉस्टचं टेम्परेचर उतरते, पिस्टन आणि टर्बो दोन्ही सुखात. पंपाला हात न लावताही घाटात फरक कळते. पण बसवताना जागा बघून बसवा, रेडिएटरसमोर मोठा तुकडा ठोकला तर रेडिएटरची हवा अडते, पाणी गरम होते, आणि मग मालक मलाच शिव्या देते. पाइप लांब, जास्त वाकडे आणि स्वस्त सिलिकॉनचे नको, जोड कमी ठेवा. बसवायच्या आधी पासिंगला चालेल का ते आरटीओत विचारून घ्या, नंतर नको.

पंप वाढवण्याचं आता सांगतो, कारण हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात वाईट काम आहे. स्क्रू फिरवला, पिकअप वाढला, मेकॅनिकनं रिंगरोडवर एक फेरी मारून दाखवली, झालं. पेट्रोल गाडीवाले समजतात इंधन कमी पडलं की इंजिन तापते, इथं उलटं आहे, डिझेल जितकं जास्त तितकं तापते. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते, पण सिलेंडरमध्ये ते नीट मिसळत नाही म्हणून प्रत्यक्षात १८ ते २० किलो पाहिजे, त्याच्या खाली गेलं की काळा धूर. म्हणजे हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं तर ते सायलेन्सरमधूनच बाहेर जाणार. भरलेल्या गाडीत पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून घाटात दहा-पंधरा मिनिटं चढलात तर टर्बोच्या आधीचं टेम्परेचर ७०० डिग्रीच्या पुढं जाते, आणि मग पिस्टनचं डोकं तडकते, टर्बोचं केसिंग तडकते. इंटरकूलर लागल्यावर बेंचवर थोडं वाढवू शकता, पण निकष एकच, लोडमध्ये धूर दिसला नाही पाहिजे. शक्य असेल तर टर्बोच्या आधी एक्झॉस्ट टेम्परेचरचा गेज टाका, तो ६५० च्या वर जाऊन राहिला तर पाय उचला.

मोठ्या टर्बोचं थोडक्यात. तुमचं इंजिन ३२०० आरपीएमच्या आतच राहते, घाटात तर १५०० ते २२०० मध्येच काम करते. मोठा टर्बो इतक्या कमी एक्झॉस्ट गॅसवर जागाच होत नाही, म्हणजे पाहिजे तिथं हवा नाही आणि नको तिथं शिट्टी. नको. कंपनीचाच नवीन किंवा बरोबर बॅलन्स केलेला रिपेअर टर्बो लावा.

आणि एमहॉक. २१७९ सीसी, १२० हॉर्सपॉवर, इंजिन सुरेख आहे यात वाद नाही. पण त्याच्यासोबत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सगळं वायरिंग, इमोबिलायझर (चोरीविरोधी लॉक), कॉमन रेलचा पंप, रिटर्न लाइन, माउंटिंग, क्लच, रेडिएटर, सगळं यावं लागते. एमहॉकचा टॉर्क (फिरवायचा जोर) २९० न्यूटन-मीटरच्या घरात आणि तुमच्या गिअरबॉक्स-हाउसिंगला दोनशेच्या आसपासची सवय, म्हणजे इंजिन टिकलं तरी क्राउन बोलणार. वरून कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर लिहिलेलं कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं होईल असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हे पक्कं केलं, आणि त्याच वर्षी कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही, अशी सोय झाली. इंजिनच बदलायचं तर त्याच मेक-मॉडेलचं घ्या, आरटीओची परवानगी आधी घ्या, बदलल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीवर नवीन इंजिन नंबर चढवा. जुन्या इंजिनाचं बिल आणि ज्या गाडीतून काढलं तिचे कागद मागा, कागद नसलेलं इंजिन कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. आपली गाडी १५ वर्षांच्या वर गेली, दरवर्षी फिटनेस आहे, तिथं नंबर जुळला नाही तर गाडी उभी. ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाले पहिले हेच शोधतात.

चालवण्याचं एकच सांगतो, घाटात आरपीएम १५०० च्या खाली जाऊ देऊन पाय दाबत राहू नका, आधीच गिअर टाका, कमी आरपीएमवर दाबलेलं डिझेल निव्वळ धूर होते. आणि सपाटीवर ताशी ६० चं ८० केलं की हवेचा विरोध पावणेदोन पट होते, वर क्रेट उंच असले तर अजून. समृद्धीवर मोकळा रोड पाहून पाय आपोआप दाबला जाते, ते डिझेल हवेलाच चाललं.

पैशाचं बघा. महिन्याला ३००० किलोमीटर धरा. हिशोब सोपा जावा म्हणून नऊ-साडेनऊच्या जागी दहा धरू. दहाच्या ॲव्हरेजने ३०० लिटर, बाराने २५०. पन्नास लिटर वाचले, डिझेल ९० रुपये धरलं तर महिन्याला साडेचार हजार. नोजल, पंप, टायमिंग, थर्मोस्टॅट, रेडिएटर, होज यांचा मिळून जो खर्च येईल त्याला साडेचार हजाराने भागा, किती महिन्यात निघते ते तुमच्यासमोर येईल. हाफ इंजिन निघालं तर तो आकडा मोठा होते, तेव्हा गाडी अजून किती वर्षं ठेवायची हे आधी ठरवा, नंतर हेड उघडा. हाफ इंजिन केलंच तर पहिले हजारेक किलोमीटर ओव्हरलोड नको, पण नुसती आयडलवर पण ठेवू नका, हलका-मध्यम लोड टाकून चालवा, नाहीतर रिंगा बसत नाहीत आणि लायनर गुळगुळीत होऊन ऑइल खाते.

काम केव्हा काढायचं तर मृग बहाराचा संत्रा संपला की, म्हणजे एप्रिलनंतर. आंबिया बहाराचा माल ऑक्टोबरात सुरू होते तोवर गाडी तशीही कमी चालते. ॲव्हरेज मोजायचं तर काम काढायच्या आधीच मोजून ठेवा, टाकी फुल ते टाकी फुल, एकच पेट्रोल पंप, तिथल्या नोजलने कट मारला की तिथंच थांबायचं, रिकामी आणि भरलेली फेरी वेगळी लिहायची, आणि तीन-चार टाक्यांची सरासरी काढायची, एका टाकीवर विश्वास नको. टायरचा साईज आधी बदला, मग मोजा, नाहीतर कामाचा फरक आणि मीटरचा फरक एकमेकांत मिसळून जाते. झाकणाची टेस्ट, कॉम्प्रेशनचे चार आकडे आणि लोडमधल्या धुराचा रंग इथं टाका, इंटरकूलर केवढा आणि कुठं लावायचा ते त्यावरून सांगतो.